वाघाचे हात, सारसाचं पाऊल

पहाटे साडेपाचला विकास नगरात पहिला आवाज येतो तो दुधाच्या कॅनचा. मग टेढी पुलियाच्या बाजूने ई-रिक्षांची घरघर सुरू होते, कुर्सी रोडवरून लवकरच्या बसगाड्या जायला लागतात, आणि कुठल्या तरी घरातून कुकरची शिट्टी ऐकू येते. लखनऊच्या उत्तरेकडची ही वसाहत, गोमतीच्या अलीकडची. सेक्टरांत आखलेले रस्ते, एकमेकांना चिकटून उभी दुमजली-तिमजली घरं, आणि प्रत्येक घराला गच्ची. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपलीकडे आठ बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे. तिथल्या फरशीवर मी खडूने एक आकृती काढून ठेवली आहे : वर एक आडवी रेघ, खाली एक आडवी रेघ आणि दोन्हींना जोडणारी मधली उभी रेघ. पावसाने ती धुऊन जाते, मी पुन्हा काढतो.

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "भाईसाहब, ये कौन-सी पूजा है?"

"पूजा नहीं, रियाज़ है," मी म्हणालो. लखनऊमध्ये रियाज म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. गाण्याचा असो, कथकचा असो की कुस्तीचा, पहाटे उठून तेच ते पुन्हा पुन्हा करणाऱ्या माणसाला इथे कुणी वेडा म्हणत नाही.

ती आकृती म्हणजे चिनी लिपीतलं एक अक्षर आहे. दक्षिण चीनच्या कँटनी बोलीत त्याचा उच्चार 'गुंग', अर्थ काम, कसब. हुंग गार नावाच्या दक्षिणी कुंग फू घराण्यातला पहिला मोठा प्रकार याच अक्षराच्या वाटेवरून चालत करायचा असतो. त्याचं नाव 'गुंग जी फुक फू कुएन', म्हणजे 'गुंग' अक्षराच्या वाटेने वाघाला वश करणारी मूठ. वरच्या रेघेवर डावीकडे जायचं, उजवीकडे जायचं, मधल्या दांड्यावरून खाली यायचं, खालच्या रेघेवर पुन्हा दोन्ही बाजू झेलायच्या आणि निघालो होतो तिथे परत यायचं. मी लहानपणी कोल्हापुरात वाढलो, मुंबईत नोकरीला असताना हा प्रकार शिकलो, आणि गेली काही वर्षं तो माझ्याबरोबर विकास नगरात राहतो आहे.

त्याची सुरुवात जरा जवळून पाहू. दोन्ही मुठी कमरेशी. पावलं बाहेर सरकवत घोड्याच्या पवित्र्यात बसायचं. मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर, गुडघे पावलांच्या रेषेत, पाठ सरळ, माकडहाड खाली सोडलेलं. आता दोन्ही हात छातीसमोर आणायचे. तर्जनी ताठ उभी, बाकीची बोटं आखडलेली, अंगठा आत वळवलेला. समोर एक जड भिंत आहे आणि ती बोटभर सरकवायची आहे, अशा बेताने हात पुढे ढकलायला लागायचं. श्वास नाकाने घ्यायचा आणि ढकलताना दातांच्या फटीतून बारीक सोडायचा. हात पूर्ण लांब झाला की परत घ्यायचा, तेवढाच हळू. असं तीनदा. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाला या घराण्यात 'किउ' म्हणतात, म्हणजे पूल. समोरच्याचा आणि आपला हात जिथे भिडतो तो पूल. तिसऱ्यांदा ढकलताना ऑक्टोबरातल्या गारव्यातही पाठीवरून घामाची धार उतरते. अजून एकही ठोसा मारलेला नसतो, एकही पाऊल उचललेलं नसतं.

*

अशा ठरलेल्या हालचालींच्या मालिकेला कराटेत 'काता' म्हणतात, उत्तर चिनीत 'ताओलू' म्हणतात, कँटनीत नुसतं 'कुएन' म्हणजे मूठ म्हणतात. मराठीत यासाठी शब्द शोधायला मला दूर जावं लागलं नाही. आमच्या गल्लीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत तालमीची पोरं दांडपट्टा फिरवायची तेव्हा मोठी माणसं म्हणायची, "पट्ट्याचे हात बघ कसे काढतोय." लाठीचे हात, तलवारीचे हात, फरी-गदग्याचे हात. 'हात' म्हणजे एकेक वार नव्हे, तर गुरूने घालून दिलेली वारांची, रोखण्याची आणि पावलांची बांधलेली ओळ. हुंग गारच्या प्रकारांना मी मनात 'हात'च म्हणतो.

दक्षिण चीन म्हणजे इथे मुख्यतः ग्वांगडाँग आणि फुजियान हे दोन किनारी प्रांत. 'दक्षिणेच्या मुठी, उत्तरेचे पाय' अशी चिनी लोकांत म्हणच आहे. उत्तरेच्या शैलीत लांब उड्या, उंच लाथा, मोकळ्या मैदानावर धावणारी पावलं. दक्षिणेत पवित्रा खाली, पाऊल आखूड, कमरेवरचा हात मात्र सतत बोलता. दक्षिणेतल्या दाट वस्त्या, अरुंद गल्ल्या आणि होड्यांवरचं जगणं यामुळे असं झालं, असं परंपरेत सांगतात. ग्वांगडाँगमध्ये पाच मोठी घराणी सांगितली जातात : हुंग, लाउ, चोय, लेइ आणि मोक. त्यांच्याशिवाय १८३६ साली चान हेउंग यांनी बांधलेलं चोय ली फुट. फुजियानमधलं सारसाच्या हालचालींवर उभं असलेलं योंगचुनचं श्वेत सारस घराणं. आणि ब्रूस लीमुळे जगभर पोचलेलं विंग चुन.

या घराण्यांमध्ये हातांची संख्या फार नसते. विंग चुनमध्ये रिकाम्या हातांचे प्रकार तीनच : सिउ निम तौ, चम किउ आणि बिउ जी. शिवाय लाकडी खांबावरचा एक. पहिला प्रकार, 'सिउ निम तौ' म्हणजे 'लहानशी कल्पना', तर एकाच जागी उभं राहून करायचा. पाय हलवायचेच नाहीत. नव्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं. जुना माणूस आयुष्यभर त्याच्याकडे परत येत राहतो. हुंग गारचेही आधारस्तंभ मोजकेच. 'फुक फू' पाया घालतो. 'फू हॉक सेउंग यिंग', म्हणजे वाघ आणि सारस यांची जोडी, त्यात ताकद आणि तोल एकत्र आणते. शेवटचा 'तिट सिन', म्हणजे लोखंडी तार, श्वास आणि आवाज यांच्या जोरावर सगळं शरीर आतून पिळून काढतो.

या हातांच्या हालचालींना नावं आहेत, आणि नावांतून चित्र उभं राहतं. 'भुकेला सारस कोळंबी शोधतो' अशा नावाची एक हालचाल वाघ-सारस प्रकारात आहे. सारस हा उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी. लखनऊ सोडून थोडं बाहेर गेलं की पाणथळ शेतांत त्याची जोडी दिसते. तो चालतो तेव्हा पाय आधी पूर्ण दुमडतो, क्षणभर एका पायावर थांबतो आणि मगच पुढचं पाऊल ठेवतो. अंगाला धक्का लागत नाही. ज्याने कुणी ही हालचाल पहिल्यांदा बांधली, त्याने एखाद्या भातखाचराच्या कडेला बसून पक्षी नीट पाहिला असणार, हे मला सारस पाहूनच पटलं.

*

आपल्याकडे कुंग फूचा विषय निघाला की कुणी ना कुणी म्हणतं, "हे सगळं आपल्याकडूनच गेलं ना? बोधिधर्माने शाओलिनमध्ये नेलं." मीही बरीच वर्षं हे अभिमानाने सांगत होतो. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की या कथेचा आधार कच्चा आहे. बोधिधर्माच्या नावावर सांगितला जाणारा स्नायू बदलण्याच्या व्यायामांचा ग्रंथ, 'यिजिन जिंग', १६२४ सालचा आहे. बोधिधर्माच्या काळापासून तो हजारेक वर्षं दूर आहे. अभ्यासकांनी त्याची प्रस्तावनाही बनावट ठरवली आहे. दक्षिणी घराण्यांची स्वतःची उगमकथाही अशीच आहे : चिंग राजवटीने दक्षिण शाओलिन मठ जाळला, पाच वडीलधारे वाचले आणि त्यांच्यापासून सगळी घराणी निघाली. इतिहासकार या कथेचं मूळ चिंग राजवटीविरुद्धच्या गुप्त संघटनांच्या दंतकथांत शोधतात.

हे कळल्याने माझं प्रेम कमी झालं नाही. उलट डोक्यावरचं एक ओझं उतरलं. हा प्रकार आपलाच होता असं सिद्ध केल्याशिवाय त्याच्यावर जीव लावता येत नाही, असं थोडंच आहे? आणि खरी नाती दंतकथेपेक्षा जास्त जवळची निघतात.

महाराष्ट्रात ठिकठिकाणी कराटेचे क्लास आहेत. त्यांतला गोजू-र्‍यू शैलीचा क्लास घ्या. तिथे मुलं 'सांचिन' नावाचा काता करतात. पाय आत वळवलेले, पोट घट्ट, श्वास ऐकू येईल असा. या कात्याचं मूळ फुजियानच्या दक्षिणी कुंग फूत आहे. ओकिनावाचे हिगाओन्ना कानर्‍यो एकोणिसाव्या शतकात फुजियानच्या फुझोउ शहरात जाऊन शिकून आले. त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांनी या परंपरेला गोजू-र्‍यू, म्हणजे 'कठीण आणि मऊ' हे नाव दिलं. त्याच शैलीतल्या सर्वांत मोठ्या कात्याचं नाव 'सुपारिंपेइ', फुजियानी उच्चारातला आकडा : एकशे आठ. एकशे आठ मण्यांची माळ ओढणाऱ्या घरातला मुलगा एकशे आठ नावाचा हात करतो, आणि हा धागा कुठून कुठे गेला आहे हे बहुधा त्याला कुणी सांगत नाही.

दुसरं नातं मुंबईतच आहे. माझगावात १९१९ साली बांधलेलं सी यप कून हे चिनी मंदिर आजही उभं आहे. सी यप म्हणजे ग्वांगडाँगमधले चार परगणे. तिथून आलेल्या लोकांनी ते क्वान कुंग या युद्धदेवतेसाठी बांधलं. त्या चार परगण्यांपैकी सिनहुई हा चोय ली फुट बांधणाऱ्या चान हेउंग यांचा परगणा. दक्षिणी कुंग फूच्या तालमीत भिंतीवर क्वान कुंगची तसबीर असते, आणि त्याच्या लांब दांड्याच्या तलवारीचा प्रकार शिष्यांना शिकवला जातो. कोलकात्यात टिरेटा बाजार आणि टांगरा इथे ग्वांगडाँगहून आलेले कँटनी आणि हक्का लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. नववर्षाला तिथे सिंहनृत्य होतं. ढोल-झांजांच्या तालावर सिंहाचं डोकं पेलणाऱ्या मुलाच्या पायाकडे पाहिलं तर तोच घोड्याचा पवित्रा दिसतो. १९६२च्या युद्धानंतर या समाजातल्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवळी इथल्या छावणीत डांबलं गेलं, आणि त्यानंतर पुष्कळ कुटुंबं देश सोडून गेली. सिंहाचं डोकं उचलायला घरात माणूस उरला नाही तर त्या घरातली ती विद्या तिथेच थांबते. ही गोष्ट मनात घेऊन मी पुढची माणसं शोधली.

*

हुंग गार म्हटलं की पहिलं नाव येतं वाँग फेइ-हुंग यांचं. फोशानचे. वडील वाँग केइ-यिंग हे 'कँटनच्या दहा वाघां'पैकी एक. लहानपणी वाँग वडिलांबरोबर रस्त्यावर प्रात्यक्षिकं करत आणि औषधं विकत. म्हणजे या परंपरेतला सर्वांत नावाजलेला माणूस गर्दीसमोर हात करतच मोठा झाला. पुढे ग्वांगझोउमध्ये त्यांनी 'पो ची लाम' हा हाड बसवण्याचा आणि औषधांचा दवाखाना चालवला. १९२४च्या दंगलीत तो जळाला. त्यानंतर थोड्याच काळात ते गेले. १९४९ पासून हाँगकाँगमध्ये त्यांच्यावर चित्रपट निघू लागले. क्वान टाक-हिंग या एकाच नटाने सत्तरहून अधिक चित्रपटांत त्यांची भूमिका केली.

त्यांच्या पत्नी मोक क्वाइ-लान यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. वाँग एका समारंभात प्रात्यक्षिक करत असताना त्यांचा जोडा पायातून निसटला आणि गर्दीतल्या एका तरुण मुलीला लागला. ती पुढे आली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या थोबाडीत मारली. तुमच्यासारख्या गुरूला अशी चूक शोभत नाही, समोर शस्त्र असतं तर काय झालं असतं, असं तिने सुनावलं. ती मुलगी म्हणजे मोक क्वाइ-लान. त्या स्वतः मोक घराण्याचे हात शिकलेल्या होत्या. वाँग यांच्या मागे त्यांनी हाँगकाँगमध्ये शिकवलं आणि १९८२ साली वारल्या. म्हातारपणी त्यांनी करून दाखवलेल्या हातांचं चित्रण आजही पाहता येतं. जोड्याची गोष्ट किती खरी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. ती या घराण्यात सांगितली जाते, यातच त्यांचा नियम दिसतो : लोकांसमोर हात करायचा तर तो लोकांच्या परीक्षेलाही उतरला पाहिजे.

वाँग यांचे शिष्य लाम साइ-विंग हे व्यवसायाने खाटीक. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी एक धाडस केलं. 'फुक फू' आणि 'वाघ-सारस' हे हात त्यांनी चित्रांसह पुस्तकरूपात छापले. तोवर हे हात गुरूच्या अंगणाबाहेर जात नसत. 'लोखंडी तार' त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. आज जगात कुठेही कुणी हुंग गार करत असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा या खाटकाची पुस्तकं आणि त्यांचे शिष्य आहेत. त्यांच्याच शिष्याचा मुलगा लाउ कार-लेउंग याने १९७८ साली शाओलिनच्या छत्तीस कक्षांवरचा तो प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शित केला.

विंग चुनचे इप मान यांचं उदाहरण याहून वेगळं. १९७२ साली, घशाच्या कर्करोगाने अंग वाळलेलं असताना, मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी घरातच छोट्या फिल्मवर आपले हात चित्रित करून घेतले. ती मूक फिल्म मी कितीदा तरी पाहिली आहे. घरातल्या कपड्यांत एक म्हातारा माणूस उभा आहे. जोर दिसत नाही, वेग दिसत नाही. पण कोपर जिथे असायला हवं तिथेच आहे. जाता जाता माणूस काय ठेवून जातो, हे एवढं स्पष्टपणे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

*

विद्या माणसाबरोबरच जाईल की काय, ही चिंता लखनऊमध्ये समजायला सोपी जाते, कारण हे शहर तिच्यातून गेलेलं आहे. अब्दुल हलीम शरर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात 'दिलगुदाज' मासिकातून जुन्या लखनऊवर लेखमाला लिहिली. 'गुज़िश्ता लखनऊ' या नावाने ती आज ओळखली जाते. तिच्यात नबाबी काळातल्या युद्धकलांची नोंद आहे : लकडी, पटा, बांक, बनौट, कुस्ती, कट्यार, पाण्यात उतरून करायची जलबांक. त्यांतल्या काहींचे उस्ताद कसे होते, कुणाला कसे शिकवत, हेही शरर लिहितात. आज विकास नगरात किंवा अलीगंजात कुणाला बनौट येते का असं विचारलं, तर लोक एकमेकांकडे पाहतात. कथक राहिलं, कारण त्याला दरबारानंतरही मंच मिळाला. बांक आणि बनौट यांना तो मिळाला नाही.

आणि याच शहरात एका मराठी माणसाने उलट दिशेने काम केलं. पंडित विष्णु नारायण भातखंडे, मुंबईच्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. गावोगावच्या उस्तादांकडून, घराण्यांच्या बंद दारांआडून त्यांनी बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सगळ्यांसाठी खुल्या केल्या. १९२६ साली लखनऊमध्ये मॅरिस कॉलेज सुरू झालं ते त्यांच्याच प्रयत्नांतून. आज कैसरबागेत त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. गोमती ओलांडून मी त्या फाटकावरून जातो तेव्हा दर वेळी मला लाम साइ-विंग आठवतात. एक वकील आणि एक खाटीक. दोघांनी एकाच काळात, एकमेकांना न ओळखता, हाच निर्णय घेतला : जे दाराआड आहे ते दाराआडच मरू द्यायचं नाही.

आपल्याकडे व्यायामविद्येत हे काम बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी केलं. १९३६ ते १९४९ या काळात त्यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. आणि १९३६ सालीच आणखी एक गोष्ट घडली. बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या संघाने जर्मनीत भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. त्याच उन्हाळ्यात चीनच्या पथकाबरोबर गेलेल्या खेळाडूंनी, त्यांत स्त्रियाही होत्या, चिनी हातांची प्रात्यक्षिकं केली. परक्या राज्याखाली दबलेला एक देश आणि युद्धाच्या छायेतला दुसरा. दोघांनाही जगासमोर स्वतःचं काही ठेवायचं होतं. मग दोघांनी आपापले हात नेले. मला हे वाचताना नेहमी भरून येतं.

*

आज हातांना नवा मंच आहे तो वुशू या खेळाचा. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत तो आला, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघही स्थापन झाला. त्यात 'नानकुएन', म्हणजे दक्षिणी मूठ, हा स्वतंत्र प्रकार आहे. जोडीला दक्षिणी तलवार आणि दक्षिणी काठी. चौदा बाय आठ मीटरचा गालिचा, प्रौढ खेळाडूला किमान एक मिनिट वीस सेकंदांचा हात, आणि दहा गुणांचा हिशेब : हालचालींच्या शुद्धतेला पाच, एकूण सादरीकरणाला तीन, अवघडपणाला दोन. खेळाडू मध्येच पोटातून हाक देतात. जागेवरून मागे कोलांटी मारून थेट पवित्र्यात उतरतात. ते पाहताना अंगावर काटा येतो. माझ्या गच्चीवरच्या हातात कोलांटी नाही, आणि त्याला गुणही मिळणार नाहीत. पण या मुलांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. दक्षिणी पवित्रा लाखो प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर ठेवण्याचं काम त्यांनी केलं आहे.

भारताच्या वुशूचा पाया मात्र झुंजीत आहे. २००६च्या दोहापासून २०२३च्या हांगझोउपर्यंत आशियाई खेळांत भारताला वुशूची दहा पदकं मिळाली, आणि ती सगळी 'सांडा', म्हणजे झुंजीच्या प्रकारात. २०१० साली संध्याराणी देवी यांचं रौप्य, २०२३ साली रोशिबिना देवी यांचं रौप्य, आणि २०१७ साली कझानच्या जागतिक स्पर्धेत पूजा काडियान यांचं सुवर्ण. हातांच्या प्रकारात आपण अजून त्या पायरीवर पोचलेलो नाही. झुंजीत समोरचा माणूसच तुमची चूक दाखवतो. हातात चूक दाखवायला समोर कुणी नसतं. तिथे वर्षानुवर्षं पाहणारा डोळा लागतो. असे डोळे तयार करायला काही पिढ्या जातात, आणि त्या कामाला आपल्याकडे आत्ता कुठे सुरुवात झाली आहे.

हाँगकाँगमध्ये २०१२ पासून जुन्या दक्षिणी घराण्यांच्या उस्तादांच्या अंगावर खुणा लावून त्यांच्या हालचाली संगणकात टिपण्याचं काम चालू आहे. कोपराचा कोन, गुडघ्याची उंची, वेग, सगळं मोजलं जातं. हे काम व्हायलाच हवं. पण भातखंड्यांची पुस्तकं समोर उघडून बसलेला माणूस गाऊ लागत नाही, तसंच हेही आहे. नोंद हात हरवू देत नाही. हात जिवंत राहतो तो कुणाच्या तरी अंगात.

*

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी इथल्या मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सवात मी पहिल्यांदा लोकांसमोर 'फुक फू' केला. गच्चीवर तो शेकडो वेळा झाला होता. वरची रेघ पार पडली, मधला दांडा पार पडला, आणि खालच्या रेघेवर डावीकडे वळल्यावर पुढचं काही येईना. डोकं कोरं. पन्नास-साठ माणसं गप्प. मी पवित्रा सोडून नमस्कार केला आणि खाली उतरलो. टाळ्या झाल्या, त्या मला लागल्या. त्या रात्री मुंबईत मला हे हात शिकवणाऱ्या शिक्षकांना फोन केला. ते म्हणाले, "विसरलास याचं काही नाही. पवित्रा सोडलास, ते चुकलं. बसून राहायचं. श्वास घ्यायचा. हात आपोआप परत येतो." मग थोडं थांबून म्हणाले, "एकट्याने केलेला हात म्हणजे निम्मा हात. उरलेला निम्मा लोकांसमोर शिकायचा असतो."

पुढची दोन वर्षं मी कुणाला दाखवलं नाही, पण रियाज बदलला. टाकी भरून वाहत असताना, खाली लग्नाचा बँड वाजत असताना, जेठ महिन्यात बडा मंगलच्या भंडाऱ्यांचे लाउडस्पीकर चालू असताना मी तोच हात करत राहिलो. यंदा गणपतीत पुन्हा उभा राहिलो, या वेळी वाघ-सारस घेऊन. वाघाचा पंजा झाला. सारसाची चोच झाली. एका पायावर उभं राहून दुसरा पाय दुमडण्याची जागा आली तेव्हा मागे कुणाचं तरी मूल रडत होतं. मी थांबलो, श्वास घेतला, आणि पाऊल ठेवलं. हात शेवटापर्यंत गेला.

आरतीनंतर एक आजी जवळ आल्या. मिरजेकडच्या, मुलाकडे लखनऊला राहायला आलेल्या. पंच्याऐंशीच्या आसपास वय, हातात प्रसादाची वाटी.

"कुठल्या तालमीचे हात म्हणायचे हे?"

"चीनमधलं फोशान म्हणून गाव आहे, आजी. तिथले."

"असं होय?" त्यांनी मान हलवली. त्यांना त्यात नवल वाटलेलं दिसलं नाही. "आमचे वडील पट्टा खेळायचे. दारासमोरच तालीम. बसका चांगलाय तुझा. पण एक सांगू का?"

"सांगा ना."

"पाय उचलतोस ना, तेव्हा तुझा डोळा खाली जातो. वडील म्हणायचे, डोळा खाली गेला की तोल गेलाच. समोर बघावं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गच्चीवर गेलो. खडूची मधली रेघ रात्रीच्या पावसाने अर्धी पुसली होती, ती पुन्हा काढली. पाण्याच्या टाकीवर, उभं राहिल्यावर डोळ्यांच्या बरोबर रेषेत येईल अशा उंचीवर, खडूचा एक ठिपका केला. मग एका पायावर उभा राहिलो, आणि ठिपक्याकडे बघत दुसरा पाय दुमडला.